भाड्यातले आणि भाड्याबाहेरचे

नागपूरला समुद्र नाही. आमच्या वाट्याला आले ते अंबाझरी, फुटाळा आणि गांधीसागर. बोट म्हटली की नागपूरच्या पोराच्या डोळ्यांपुढे वल्ह्याची होडी उभी राहते. तिचे भाडे अर्ध्या तासाचे असते आणि त्या भाड्यात होडीखेरीज दुसरे काहीही मिळत नाही. इतका चोख व्यवहार समुद्रावर नसतो, हे मला अलीकडेच नीट उमगले.

निमित्त झाले ते आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत आलेल्या एका रंगीत पत्रकाचे. पहिल्या पानावर पांढरेशुभ्र, कित्येक मजली जहाज आणि त्याखाली माणशी एक आकडा. आकडा असा की मास्तरालासुद्धा क्षणभर वाटावे, एवढे तर आपल्यालाही झेपेल. शेवटच्या पानावर बारीक टायपात दोन याद्या होत्या: भाड्यात काय येते आणि काय येत नाही. आमच्या गणिताच्या बाईंनी पेन्सिल घेतली आणि बेरीज करायला बसल्या. पहिल्या पानावरचा आकडा शेवटच्या पानापर्यंत पोचताना अंगाने चांगलाच भरला.

अशा सफरीच्या भाड्यात साधारणपणे निजायची खोली येते, मुख्य भोजनगृहातले दिवसभराचे खाणे येते, पोहण्याचा तलाव, रात्रीचे खेळ आणि गाणे-बजावणे येते. बंदराचे शुल्क व सरकारी कर पुष्कळदा वेगळे दाखवलेले असतात. जहाजावरच्या नोकरांची बक्षिसी रोजच्या हिशेबाने, डोई मोजून आकारली जाते. मद्य, बाटलीतले सरबत, खास भोजनगृहातले जेवण, मालिश, कपडे धुणे, इंटरनेट हे सगळे भाड्याबाहेर. बंदरात उतरून गाव पाहायचे तर त्या सहलीचे पैसे वेगळे. जहाजावरचा डॉक्टरही सहसा फुकट नाडी पाहत नाही. शिवाय माणशी म्हणून जो आकडा छापतात तो एका खोलीत दोघे राहतील असे धरून. एकट्या विधुराने किंवा एकट्या मावशीने जायचे म्हटले की तिला जवळजवळ दुसऱ्या न आलेल्या माणसाचेही भाडे भरावे लागते. आणि यात सर्वांत चतुराईची गोष्ट अशी की जहाजावर रोख पैसा चालत नाही. चढताना एक कार्ड देतात. त्यानेच खोलीचे दार उघडते आणि त्यानेच खात्यावर खर्च चढतो. पाकीट उघडावे लागले नाही की खर्च झाल्यासारखे वाटत नाही. बिल शेवटच्या सकाळी येते.

बाई म्हणाल्या, "ही सारी नवी लबाडी." मी इतिहासाच्या नादी लागलेला माणूस, मला ते पटेना. म्हणून जुनी पुस्तके, प्रवासवर्णने आणि आत्मचरित्रे या एकाच दृष्टीने पुन्हा चाळली. चाळता चाळता असे दिसले की जहाजाचे भाडे ही नुसती किंमत नसते, ती एक रेघ असते. रेघेच्या आत काय घातले आहे यावरून कंपनीने कोणता उतारू डोळ्यांपुढे धरला होता ते कळते. आणि आपली माणसे दीर्घकाळ त्या रेघेबाहेर उभी राहून रेघेच्या आतल्या वस्तूंचे पैसे भरीत आली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शिडाच्या जहाजांपासून सुरुवात करू. त्या काळी विलायतेहून मुंबईला किंवा कलकत्त्याला यायला पाच-सहा महिने सहज लागत. भाडे ठरायचे ते पुष्कळदा थेट कप्तानाशी, घासाघीस करून, आणि ते पैसे कप्तानाच्याच खिशात जात. त्या बदल्यात उतारूला कप्तानाच्या पंक्तीला जेवण मिळे आणि चार भिंती मिळत. चार भिंती म्हणजे अक्षरशः चार भिंतीच, कधी तर कॅनव्हासच्या. पलंग, खुर्ची, मेज, गादी, आरसा, मेणबत्त्या, हात धुवायचे तस्त, सारे उतारूने विकत घेऊन चढवायचे आणि वादळात ते घरंगळू नये म्हणून जमिनीला बांधून घ्यायचे. मुक्काम आला की तेच सामान विकायचे. भाड्याने घर घेतल्यासारखाच प्रकार, फक्त घर हलणारे.

अशा काळात आपल्याकडचा एक ब्राह्मण विलायतेला गेला. रघुनाथराव दादांनी १७८० च्या सुमारास इंग्रज सरकारपुढे आपले गाऱ्हाणे मांडण्यासाठी वकील पाठवले, त्यांतला हा हणमंतराव. बरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा होता. कप्तानाच्या पंक्तीचे जेवण हणमंतरावाच्या काय कामाचे? लंडनमध्येही त्याचे हाल होते. अखेर १७८१ साली एडमंड बर्कने या मंडळींना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर स्वयंपाकाला व पूजेअर्चेला मोकळे करून दिले. पार्लमेंट गाजवणारा वक्ता आपल्या काचघरात एका मराठी वकिलाची चूल पेटू देतो, हे चित्र माझ्यातल्या कादंबरीकाराला फार मोह घालते. पण ते बाजूला ठेवतो. हणमंतरावाच्या प्रवासाचे खरे जादा भाडे स्वदेशी परतल्यावर वसूल झाले. समुद्र ओलांडल्याच्या दोषातून मुक्त होण्यासाठी सोन्याच्या प्रतिमेतून बाहेर येऊन जणू नवा जन्म घेण्याचा विधी त्याला करावा लागला, अशी नोंद त्या काळच्या इंग्रजी लेखनात आहे. सोने ज्याने घातले असेल त्याने घातले असो. कोणत्याही कप्तानाच्या दरपत्रकात ही बाब नव्हती.

पुढे वाफेची जहाजे आली. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघाली आणि महिनाभरात सुएझला पोचली. सुएझचा कालवा अजून चाळीस वर्षे दूर होता. तो उघडला १७ नोव्हेंबर १८६९ ला. तोवर विलायतेचा माणूस अलेक्झांड्रियाला उतरे, कालव्याने व नाईल नदीने कैरो गाठी, आणि तिथून दोन चाकांच्या गाडीत सहा-सहा जण कोंबून, खेचरे नि घोडे जुंपून, वाळवंट ओलांडून सुएझला येई. सामान उंटावर. इतकेच काय, सुएझच्या आगबोटींचा कोळसादेखील कित्येकदा उंटाच्या पाठीवरून येई.

हा मार्ग नावारूपाला आणला तो १८४० मध्ये सनद मिळालेल्या पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीने; आपले लोक तिला पी. अँड ओ. म्हणत. तिच्या जुन्या जाहिराती मी रस घेऊन वाचल्या आहेत, आणि आजच्या पत्रकवाल्यांचे पूर्वज मला तिथेच भेटले. पहिल्या वर्गाच्या भाड्यात जेवण तर होतेच. गाद्या, चादरी, खोलीतले सर्व सामान कंपनीचे. नोकरांची बक्षिसीही भाड्यातच धरलेली. म्हणजे आज जी डोईपट्टी वेगळी लावतात ती शंभर-पावणेदोनशे वर्षांपूर्वी वेगळी नव्हती. आणि कळस म्हणजे वाइन, बिअर, ब्रँडी सारे भाड्यात! मात्र मधला इजिप्तचा तुकडा आला की जाहिरातीचा सूर बदले. तिथला वाहतूक-खर्च भाड्यात धरला आहे. पण हॉटेलचे बिल आणि वाइन, दारू, बिअर व सोडावॉटर सोडून. ऐन वाळवंटात सोडावॉटर भाड्याबाहेर! सामानाचेही माप ठरलेले: पहिल्या वर्गाला तीन हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे दीडशे किलो, आणि मुले व नोकर यांना त्याच्या निम्मे. आज विमानात पंधरा किलोसाठी घरी तीनदा बॅग तोलणाऱ्या आपल्या बायकामाणसांनी हा आकडा वाचून उसासा टाकावा.

'सगळे भाड्यात' हे ऐकायला गोड लागते. पण त्यात एक गोम आहे. दारू फुकट म्हणजे फुकट नव्हे. पिणाऱ्याच्या तिसऱ्या पेल्याचे पैसे न पिणारा भरीत असतो. कालवा उघडला, स्पर्धा वाढली, भाडी उतरवावी लागली, तेव्हा कंपनीने भाड्यातली दारू काढून टाकली. त्या वेळी कुरकुर करणारे पुष्कळ असतील. पण न पिणाऱ्यांवरचा एक अन्याय त्या दिवशी दूर झाला, असे मी मानतो.

जाता जाता एक गंमत. आपण सर्रास वापरतो तो 'पॉश' हा शब्द याच कंपनीच्या तिकिटांवरून आला, असे पुष्कळजण सांगतात: जाताना डाव्या बाजूची, येताना उजव्या बाजूची खोली, म्हणजे ऊन कमी, त्या जादा भाड्याच्या तिकिटांवर चार इंग्रजी आद्याक्षरांचा शिक्का असे म्हणे. तसा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेले नाही. दंतकथा मात्र पॉश आहे.

याच सुमारास मुंबईच्या धक्क्यावरून दुसऱ्याही प्रकारची माणसे बोटीत चढत होती. त्यांना भाडेच नव्हते. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजूर नेण्याची करारपद्धत १८३४ मध्ये सुरू झाली. 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर २ नोव्हेंबर १८३४ ला तिथे पोचले. ते छोटा नागपूरकडचे होते. नावावरून आपल्या नागपूरचे कोणी समजू नये. ते पठार आजच्या झारखंडात येते. पुढे आपल्या रत्नागिरीकडचे आणि कोकणपट्टीतले लोक मुंबई बंदरातून त्याच वाटेने गेले, आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणवून घेतात, गणपती बसवतात, मुलांना शाळेत मराठी शिकवतात.

यांच्या भाड्याचा हिशेब पाहा. जाण्याचे तिकीट फुकट, वाटेतला शिधा फुकट. पगार महिना पाच रुपये, करार पाच वर्षांचा. पण त्या पहिल्याच करारात एक कलम होते: दर महिन्याच्या पाच रुपयांतून एक रुपया कापून ठेवायचा, म्हणजे मजुराने काम सोडले किंवा तो नालायक ठरला तर त्याला परत पाठवण्याचे भाडे त्याच्याच पैशातून निघेल. काम पुरे केले तर ते पैसे त्याला मिळायचे. पुढे कराराअखेर सरकारी खर्चाने परतण्याचा हक्क आला, आणि मॉरिशसपुरता तो १८५० च्या दशकात काढूनही घेतला गेला. म्हणजे जाणे भाड्यात, येणे भाड्याबाहेर. पहिल्या पानावर मोठ्या टायपात 'फुकट' आणि शेवटच्या पानावर बारीक टायपात परतीची वाट, यांतले अंतर या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्यांनी मोजले. करारावर बहुतेकांचा अंगठा होता. बारीक टाइप वाचणार कोण? हिंदुस्थानातून अशी मजूरभरती थांबली ती १९१७ साली.

आता पुन्हा तिकीट काढून जाणाऱ्यांकडे वळू. १८८३ च्या ७ एप्रिलला कलकत्त्याच्या बंदरातून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने आनंदीबाई जोशी निघाल्या. वय नुकतेच अठरा पुरे झालेले. नवरा बरोबर नाही, सोबत एका मिशनरी बाईंची. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या सभेत त्यांनी सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. बोलायला हे एक वाक्य. बोटीवर ते रोज तीनदा पाळायचे होते. जवळजवळ दोन महिन्यांचे जेवण त्यांच्या भाड्यात होते, आणि त्या जेवणातले बहुतेक त्यांच्या उपयोगाचे नव्हते. त्यांनी शाकाहार सोडला नाही. आगबोटीच्या हिशेबात या न खाल्लेल्या ताटांची वजावट कोठेच नसते.

पाच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८८८ ला, मुंबईहून 'क्लाइड' बोटीने मोहनदास गांधी निघाले. त्यांनी आत्मचरित्रात आपली अवस्था मोकळेपणाने सांगितली आहे. काट्याचमच्याने खाता येत नाही, वाढणाऱ्याशी इंग्रजीत बोलण्याचे धैर्य नाही, कोणता पदार्थ निर्मांस आहे हे विचारण्याची लाज. तेव्हा मेजावर जाणेच नको म्हणून हा मुलगा आपल्या खोलीत बसून घरून आणलेली मिठाई आणि फळे खात राहिला. भाड्यात काय आहे हे माहीत असून ते मागता येत नाही, हा अनुभव ज्याला आला असेल त्यालाच कळेल. मोठ्या हॉटेलात पहिल्यांदा गेलेला आमच्या वर्गातला हुशार मुलगासुद्धा असाच पाणी पिऊन परत येतो.

पण गांधींच्या प्रवासातला मला सर्वांत रोचक वाटणारा आकडा आहे सव्वा रुपयाचा. निघण्यापूर्वी मुंबईत त्यांच्या जातीची सभा भरली. पंचांनी मुलाला जातीबाहेर टाकले आणि ठराव केला की जो कोणी याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड. हा दंड उतारूला नव्हे. त्याला पोचवायला येणाऱ्याला! ठरावाच्या भीतीने मेहुण्याने जवळचे पैसे देण्याचे नाकारले, आणि गांधींना भाड्यासाठी एका स्नेह्याकडून उसने घ्यावे लागले. १८९१ मध्ये परत आल्यावर थोरल्या भावाने त्यांना आधी आपल्या नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घातले, आणि मग राजकोटला ज्ञातिभोजन दिले. भाडे, उसनवारी, नाशिकची खेप आणि जातीच्या पंक्ती, अशी ती खरी बेरीज.

श्रीमंताची गोष्ट वेगळी. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंग १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला निघाले तेव्हा त्यांनी 'ऑलिंपिया' ही अख्खी बोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर नेले. एकेक घागर सुमारे ३४५ किलो चांदीची. त्या जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहायला मिळतात. ज्याला अख्खे जहाज घेता येते त्याला रेघेची काळजी नसते, रेघ तोच ओढतो.

दोन कंपन्या भांडू लागल्या की ही रेघ रबरासारखी ताणली जाते. याचे एक उदाहरण आम्हा नागपूरकरांच्या अंगणातले आहे. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा दिल्लीत झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीवाल्यांचे सूत चीन-जपानकडे जाई आणि त्याच्या वाहतुकीचा दर पी. अँड ओ.सारख्या कंपन्या ठरवीत. टाटांनी १८९३ च्या सुमारास जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीशी हातमिळवणी करून स्वतःची बोटसेवा काढली. तेव्हा टनाला एकोणीस रुपये असलेला दर पी. अँड ओ.ने दीड रुपयापर्यंत खाली आणला. टाटांची बोटसेवा थोड्याच काळात गुंडाळली गेली, आणि दर पुन्हा चढले.

उतारूंच्या बाबतीत याहून मजेचे घडले ते दक्षिणेत. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिनला स्वदेशी आगबोट कंपनी स्थापन केली. तुतिकोरिन–कोलंबो मार्गावर तोवर ब्रिटिश इंडिया कंपनीचा एकछत्री अंमल. स्वदेशीचा जोर पाहून तिने भाडे एक रुपयावर आणले. स्वदेशीवाल्यांनी आठ आणे केले. तेव्हा ब्रिटिश इंडियाने उतारूला फुकट नेण्याची तयारी दाखवली आणि वर एक छत्रीही देऊ केली, असे सांगतात. एकछत्री अंमल टिकवण्यासाठी माणशी एक छत्री! चिदंबरम पिळ्ळै १९०८ मध्ये तुरुंगात गेले, कंपनी मोडली, आणि छत्र्याही बंद झाल्या असणार.

या सगळ्या बोटींवर सर्वांत जास्त माणसे प्रवास करीत ती डेकवर. डेकचे तिकीट म्हणजे उघड्या फळ्यांवर पथारी टाकण्याची परवानगी. पथारी आपली, उशाला बोचके आपले, लाटेचे पाणी कंपनीचे. रंगूनला किंवा आफ्रिकेला जाणाऱ्या डेकच्या उतारूला भाडे दोन तऱ्हेचे सांगत, जेवणासह आणि जेवणाविना. आणि आपली माणसे दुसरेच पसंत करीत. त्यात पैशाची बचत होती आणि सोवळ्याचीही. कोकणच्या किनाऱ्यावर तर प्रश्नच नव्हता. मुंबईहून संध्याकाळी-सकाळी निघालेली बोट हर्णे, दाभोळ, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत वेंगुर्ल्याकडे जाई. चाकरमान्याच्या फडक्यात भाकरी आणि सुक्याची चटणी असे. बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब उभी राही, पडाव येऊन बिलगे, आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, गरोदर बायकांना हातावर झेलून पडावात उतरवीत. पडाव वाळूत रुतला की पुढे गुडघाभर पाणी, नाहीतर खलाशाचा खांदा. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाची सुखसोयींची बोट सुरू झाली होती. ती फार काळ चालली नाही. तिच्या जाहिरातीतला तलाव आणि भोजनगृहे पाहताना मला तो खलाशाचा खांदाच आठवत होता. बंदरात उतरणे हा आज सफरीचा जादा पैशाचा भाग आहे. कोकणात उतरणे हाच प्रवास होता.

सामानाची बाब तेवढी राहिली. भाड्यात उतारूचे ठराविक सामान येते. त्याहून जास्त असेल ते वेगळ्या बोटीने, वेगळे पैसे भरून, वेगळा विमा उतरवून पाठवावे लागे. १९१७ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध ऐन भरात असताना, भीमराव आंबेडकर लंडनहून परत निघाले. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. मार्सेलिसपर्यंत गाडीने येऊन त्यांनी 'कैसर-इ-हिंद' ही पी. अँड ओ.ची बोट धरली. आमच्या मिलच्या नावाचा हाच देशी तर्जुमा, हे जाता जाता. न्यूयॉर्क-लंडनच्या मुक्कामात पोटाला चिमटे घेऊन जमवलेली पुस्तके आणि सामान त्यांनी थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने लावून दिले होते. ती बोट पाणतीर लागून बुडाली. ते स्वतः कोलंबोमार्गे ऑगस्टमध्ये मुंबईला सुखरूप पोचले.

शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे त्यांना बडोद्याला नोकरीवर हजर व्हायचे होते, आणि गाडीभाड्याला पैसे नव्हते. त्याच वेळी बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून कुक कंपनीकडून सहाशे रुपये आले. पुस्तकांची किंमत अशी हाती पडली आणि त्या पैशावर ते बडोद्याला गेले. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेल्या या माणसाला शहरात कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत राहण्या-जेवणाचे मिळून दिवसाला दीड रुपया ठरला, तोही नोंदवहीत पारशी नाव लिहून. तिकिटावर खरे नाव घालून समुद्र ओलांडता आला. दीड रुपयाच्या खोलीत ते नाव बसेना. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून वर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली, आणि मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचा वेळ त्यांनी बडोद्याच्या कमाठी बागेत बसून काढला.